26 सीसी पेट्रोल बोट इंजिन: ब्रेक-इन आणि कार्ब्युरेटरच्या नोंदी

बोट रेडिओने चालवायची मॉडेल. ब्रेक-इन म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून बसवणं. इंजिन: झेनोआ जी260पीयूएम, पाण्याने थंड होणारं दोन-स्ट्रोक. बोअर 34 मिमी, स्ट्रोक 28 मिमी, म्हणजे नेमकं 25.4 सीसी, बोलताना 26. कार्ब्युरेटर वॉलब्रोच्या डब्ल्यूटी मालिकेतला, डायफ्रॅमचा, दोन सुयांचा: एल (स्लो आणि सुरुवातीची रेस) आणि एच (पूर्ण रेस). सुई उघडली की पेट्रोल जास्त, बंद केली की कमी. हल (बोटीची बॉडी) फायबरग्लासचा, मोनो म्हणजे एकाच बुडाचा. क्लच नाही, फ्लेक्स (लवचिक) केबलने प्रॉप (पंखा) थेट क्रँकला.

सुयांचे आकडे घड्याळासारखे लिहिले आहेत. पूर्ण फेरा 60 मिनिटं, पाव फेरा 15. एच 1:40 म्हणजे सुई बंद स्थितीपासून एक फेरा आणि वर 40 मिनिटं उघडी. "थोडी उघडली", "जराशी बंद केली" अशा नोंदीचा पुढच्या आठवड्यात काही उपयोग होत नाही.

3 जानेवारी 2026, शनिवार

सुया बंद करून मोजल्या. बंद म्हणजे टेकेपर्यंत, आवळायची नाही. सुईचं टोक निमुळतं आणि बॉडी मऊ धातूची. जोर दिला की बसकणीवर कडा पडते आणि मग कुठलाही आकडा पुन्हा तसाच येत नाही. कारखान्यातून एल सव्वा फेऱ्याच्या जवळ, एच दीडच्या जवळ. दोन्ही सुयांच्या खाचेच्या एका टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. खाच दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे ठिपका नसेल तर अर्ध्या फेऱ्याची गफलत सहज होते.

कार्ब्युरेटर उघडला तो फक्त बघायला. एका स्क्रूच्या झाकणाखाली पंपाचा डायफ्रॅम आणि तिथेच आत बसवलेली बारीक चाळणी. चार स्क्रूच्या झाकणाखाली मीटरिंग डायफ्रॅम, लिव्हर, स्प्रिंग आणि इनलेटची सुई. या झाकणावरचं बारीक छिद्र हवेसाठी असतं. त्यावर ग्रीस, स्टिकर किंवा सिलिकॉन सीलंट आलं की डायफ्रॅम हलत नाही, आणि मग एल-एच कितीही फिरवा. लिव्हरची उंची गेजने पाहिली, बरोबर होती, तशीच ठेवली. नव्या कार्ब्युरेटरमध्ये लिव्हर वाकवायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर आधी बाकीचं सगळं तपासून झालेलं असावं.

इंधनाच्या निपलवर दाबमापक लावून हातपंपाने हवा भरली. इनलेट सुई सुमारे 15 पीएसआयला उघडली आणि 10 च्या वर धरून राहिली. झडप नीट बसते आहे, एवढं कळायला हे पुरे.

सुट्या भागांच्या संचात कार्ब्युरेटर आणि इन्सुलेटर ब्लॉक यांच्यामधलं एक गॅस्केट असं निघालं की त्याला पल्सचं छिद्रच नाही. ते बाजूला टाकलं. कार्ब्युरेटरमधला पंप क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. हे ठोके इनटेकच्या शेजारच्या छोट्या छिद्रातून ब्लॉक आणि गॅस्केट पार करून येतात. गॅस्केटला छिद्र नसेल, ते उलटं बसलं असेल किंवा ब्लॉक फिरलेला असेल, तर लक्षण ठरलेलं: बल्ब (पेट्रोल ओढायचा रबरी फुगा) दाबून भरलेल्या पेट्रोलवर इंजिन चार-पाच सेकंद छान चालतं, बंद पडतं, पुन्हा बल्ब दाबला की पुन्हा तेच. पुष्कळ लोक इथे एल उघडत बसतात. त्याने काही होत नाही, कारण सुईपर्यंत पेट्रोल पोचतच नसतं.

4 जानेवारी, रविवार

दाब चाचणी. एक्झॉस्टवर रबराची पट्टी आणि पत्रा, कार्ब्युरेटरच्या जागी निपल असलेली प्लेट, प्लग जागेवर. पिस्टन खालच्या टोकाजवळ ठेवला, म्हणजे पोर्ट उघडे राहून क्रँककेस आणि सिलिंडर एकच पोकळी होते. 0.4 बार भरून मिनिटभर थांबलो. काटा हलला नाही. मग तेवढाच निर्वात दाब दिला. हा भाग लोक टाळतात. क्रँकच्या सीलचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टवर चिकटतो आणि ओढ लागली की सुटू शकतो, म्हणून एका बाजूच्या चाचणीत पास झालेला सील दुसऱ्या बाजूने गळू शकतो. इथे दोन्हीकडून ठीक.

ही चाचणी आधीच करण्यामागे सरळ हिशोब आहे. हवा गळत असेल तर स्लोला इंजिन वरखाली होत राहतं आणि एल कुठेच स्थिर होत नाही. इंजिन नवीन, सुया अनोळखी आणि त्यात गळती, असं तिन्ही एकत्र आलं तर कशामुळे काय होतंय हे सांगता येत नाही.

टाकी 400 मिली. आत फेल्ट लावलेला क्लंक (नळीच्या टोकाचं वजन, ते पेट्रोलमागे सरकतं). नळ्या पेट्रोलच्या पिवळ्या. ग्लो इंजिनच्या (मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनाच्या) सिलिकॉन नळ्या इथे चालत नाहीत. पेट्रोलमध्ये त्या फुगतात, मऊ पडतात आणि निपलवरून सुटतात.

10 जानेवारी, शनिवार

इंधनाचा दिवस. आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि परदेशी मॅन्युअलमधले सुयांचे आकडे ते गृहीत धरून लिहिलेले नसतात. म्हणून आधी मोजलं. 100 मिलीच्या मापनपात्रात 20 मिली पाणी, वर 80 मिली पेट्रोल (तेल घालण्याआधीचं), तोंड बंद करून मिनिटभर हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर 20 वरून 35 च्या आसपास गेला. वाढलेला भाग इथेनॉलचा: 80 मध्ये सुमारे 15, म्हणजे जवळपास 19-20 टक्के.

याचा सुईवर परिणाम असा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशोब 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. कारखान्याचा एच 1:30 जसाच्या तसा ठेवला तर ब्रेक-इनची सुरुवातच लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) बाजूने झाली असती. सुरुवातीसाठी एच 1:40, एल 1:20 ठरवलं.

तेल दोन-स्ट्रोकचं, 25:1, म्हणजे लिटरला 40 मिली. जास्त तेल म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात उलट होतं. सुईतून जाणारं एकूण प्रवाही साधारण तेवढंच राहतं आणि त्यात तेल वाढलं की पेट्रोल कमी होतं. वर तेल दाट असल्याने प्रवाहही किंचित मंदावतो. 40:1 वर ट्यून केलेल्या इंजिनात 25:1 घातलं की ते थोडं लीन होतं आणि तरी धूर जास्त दिसतो. धूर बघून सुई बंद करणारा इथेच फसतो. म्हणून पूर्ण ब्रेक-इन आणि त्यानंतरही काही काळ प्रमाण 25:1 च.

तेल मिसळून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवायला दिलं. काही तेलं इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये तळाशी बसतात.

11 जानेवारी, रविवार

बाटलीत थर नाही, तेल चालेल.

बाकावर पहिली सुरुवात. फ्लेक्स केबल काढून ठेवली. ती राहू दिली तर स्ट्रटमधलं (बोटीमागे प्रॉपचा शाफ्ट धरणाऱ्या भागातलं) बुश पाण्याशिवाय जळतं. थंड पाण्यासाठी बादली आणि 12 व्होल्टचा छोटा पंप, पाणी आधी सुरू, मग दोरी. बोट पाण्यात नसली की लोक "दोन मिनिटांनी काय होतंय" म्हणतात. पाण्याचं जॅकेट रिकामं असलेलं सिलिंडर त्या दोन मिनिटांत रिंगची पकड घालवू शकतं.

चोक लावून ओढलं, पहिला फुटका आवाज आला की चोक उघडला, मग ओढलं. सुरू. रेस पावपेक्षा जास्त दिली नाही: भार नसलेलं इंजिन एका क्षणात नको त्या फेऱ्यांवर जातं. तीन-चार मिनिटं स्लोच्या थोडं वर, रेस सतत किंचित बदलत. मग बंद करून हात ठेवता येईल इतकं थंड. असं काही वेळा.

बाकावरचं काम एवढंच ठेवलं. तासन्‌तास स्लोवर चालवून इंजिन "मोकळं" होतं, ही ग्लो इंजिनांच्या जमान्यातली सवय. मुलामा दिलेल्या सिलिंडरमध्ये रिंग बसायला मागून ज्वलनाचा दाब लागतो, आणि तो भाराशिवाय येत नाही. स्लोवर फक्त प्लग काळा होतो.

थांबवण्याचं बटण आणि फेलसेफ तपासला: ट्रान्समीटर बंद केल्याबरोबर सर्वो रेस पूर्ण बंद करतो.

17 जानेवारी, शनिवार

एल. फ्लायव्हीलवर पांढरी खूण, ऑप्टिकल टॅकोमीटर, इंजिन पूर्ण गरम. स्लोचा स्क्रू एका जागी ठेवून फक्त एल फिरवली. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस सेकंद थांबायचं. डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर लगेच उत्तर देत नाही.

1:25 ला 3,600, गुरगुर, थोड्या वेळाने फेरे खाली येतात. 1:20 ला 3,900. 1:15 ला 4,150. 1:10 ला 4,300. 1:05 ला 4,450, इथे सगळ्यात वर. 1:00 ला 4,300, आणि रेस देताच आवाज तुटून इंजिन बंद.

म्हणजे शिखर 1:05 ला. कायमची जागा शिखराच्या रिच बाजूला 8-10 मिनिटं, म्हणजे 1:15. ब्रेक-इनसाठी आणखी पाच, 1:20. एल आधी आणि एच नंतर, कारण एलच्या वाटेने पूर्ण रेसलाही थोडं इंधन जातच असतं. एच बसवून मग एल हलवली की एचचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

18 जानेवारी, रविवार

पाण्यावर. गावाबाहेरचा पाझर तलाव, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर. सकाळी 11 अंश. प्रॉप ऑक्टुरा एक्स462: व्यास 62 मिमी, पिच त्याच्या 1.4 पट, म्हणजे एका फेऱ्याला कागदावर 86.8 मिमी. या इंजिनाला हा प्रॉप हलका आहे, आणि ब्रेक-इनला तो मुद्दाम हलकाच हवा.

बाकावर 3,900 ला शांत चालणारं इंजिन पाण्यात सोडल्याबरोबर बंद. यात एलचा दोष नाही. क्लच नसल्याने उभ्या बोटीचा बुडालेला प्रॉप स्लोवरच इंजिनाला धरून ठेवतो. स्लोचा स्क्रू चढवला, बाकावर 4,600 येईल इतका. एल 1:20 वरच. पाण्यात टिकलं.

आता प्लेनवर येताना (बोट उचलली जाऊन पाण्यावरून सरकू लागताना) अडखळणं. इथे दोन गोष्टी कानाने वेगळ्या काढायच्या. लीन असेल तर रेस देताच आवाज एकदम कापल्यासारखा जातो, धूर नाही, कधी कार्ब्युरेटरच्या तोंडातून 'फट्' असं उलटं फुटतं. रिच असेल तर इंजिन पिकअप घेत नाही, गुरगुरतं, मागे निळसर धूर, आणि मग हळूहळू मोकळं होतं. इथे दुसरा प्रकार. ब्रेक-इनमध्ये तो चालेल. बोट हाताने पुढे ढकलून सोडली की अडचण निम्मी होते. बुडालेल्या प्रॉपचा भार आपण सुईवर का काढायचा?

पहिली अर्धी टाकी अर्ध्या रेसवर. मग दोन-तीन सेकंद पूर्ण रेस, पुन्हा अर्धी, असं आलटून पालटून. सरळ रेषेत पूर्ण रेसला इंजिन भर्र आवाजात फोर-स्ट्रोकिंग करत होतं, एक ठिणगी आड पेटल्यासारखं. एच 1:40 ला हेच अपेक्षित होतं. जीपीएस 48 किमी/तास.

पाणी बाहेर येतं तिथे बोट धरून पाहिलं, कोमट. हेडवर इन्फ्रारेड थर्मामीटर 62 अंश.

दिवस संपल्यावर टाकी रिकामी, पाणी देत स्लोवर चालवून कार्ब्युरेटर कोरडा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं; डायफ्रॅमच्या खोलीत आठवडाभर ते ठेवायचं नाही. केबल काढून पुसून ग्रीस. केबलच्या ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमध्ये 5 मिमी फट पुन्हा पाहिली. भाराखाली केबल पिळली जाऊन आखडते, फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासून वेग खातो, आणि तो दोषही लोक कार्ब्युरेटरवर टाकतात.

24 जानेवारी, शनिवार

अर्ध्या टाकीत वेग 49 वरून 44, आवाज बारीक आणि कोरडा. ऐकायला हुबेहूब लीन. बोट आणल्यावर हेड 97 अंश, बाहेरच्या नळीतून पाण्याचे नुसते थेंब. रडरवरच्या पाण्याच्या तोंडात जलपर्णीच्या मुळाचा गुंता. तारेने काढला, नळीत उलट दिशेने पाणी मारलं. थंड होऊ दिलं, पुन्हा सोडलं: 49, हेड 64.

एचला हात लावला नाही. इथे कुणी एच दहा मिनिटं उघडली असती तर इंधनाने थोडं थंड होऊन "फरक पडला" असंही वाटलं असतं.

जलपर्णीच्या तलावात प्रत्येक फेरीला बाहेरची धार बघायची. रडरच्या तोंडावर आडव्या तारा लावायचा विचार होता. बारीक मुळं त्यांतच अडकतात, त्यामुळे सोडून दिला.

26 जानेवारी, सोमवार

सुया तशाच: एल 1:20, एच 1:40. आज काहीच बदलायचं नाही, हेच काम.

सकाळी पहिल्या टाकीत 50. तिसऱ्या टाकीपर्यंत 53. फोर-स्ट्रोकिंग सरळ रेषेच्या सुरुवातीला आहे, शेवटी मोकळं होतं. कुणी सुईला हात लावलेला नाही, प्रॉप तोच, इंधन एकाच कॅनमधलं.

ब्रेक-इनमध्ये कार्ब्युरेटर लावताना बहुतेकांचा घोळ इथे होतो. रिंग बसत जाते, घर्षण कमी होतं, दाब चांगला धरला जातो, फेरे वाढतात. तेच दिवस लोक रोज एच थोडी थोडी बंद करत असतात आणि वाढलेल्या वेगाचं श्रेय सुईला देतात. मग सुई बंद करत जाण्याला अंत राहत नाही, आणि अर्धवट बसलेलं इंजिन एका सरळ रेषेत लीन होतं. म्हणून नियम: एका टाकीत एकच बदल, आणि ज्या दिवशी इंजिन आपोआप सुधारतंय त्या दिवशी बदल शून्य. सलग दोन टाक्यांत वेग तोच राहिला की मगच एच.

दुपारपर्यंत दोन टाक्या 53 वर स्थिर. आतापर्यंत जळालेलं इंधन तीन लिटरच्या पुढे.

दुपारी एका वळणात बोट उलटली. प्लग काढून इंजिन उलटं धरून दोरी हळू ओढली, पाणी बाहेर. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोरात ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकते. नंतर थोडं इंधन-तेलाचं मिश्रण प्लगच्या भोकातून, नवा प्लग, लगेच सुरू करून दहा मिनिटं चालवलं. उलटलेल्या बोटीचं इंजिन "उद्या बघू" म्हणून ठेवलं की बेअरिंग गंजतात.

31 जानेवारी, शनिवार

एच. सकाळ 13 अंश. आधी जुन्या जागी एक टाकी, 53-54. मग पाच-पाच मिनिटं बंद, प्रत्येक जागी किमान चार सरळ फेऱ्या.

1:35 ला 54. फोर-स्ट्रोकिंग फक्त प्लेनवर येईपर्यंत.

1:30 ला 56. सरळ रेषेत आवाज भरीव, एकसंध. वळणात भार वाढला की किंचित गुरगुरतं, बाहेर पडताना लगेच मोकळं. ही खूण जपायची: वळणात थोडं रिच होणारं इंजिन सरळ रेषेत सुरक्षित असतं.

1:25 ला सुरुवातीला 57, पण सरळ रेषेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात आवाज वर जाऊन पातळ झाला आणि जीपीएसच्या आलेखात वेग 57 वरून 55 वर उतरला. हेड 71. लगेच परत. वर जाणारा आवाज आणि खाली येणारा वेग एकत्र दिसले की लीन. आवाज वर जाऊन वेगही वर गेला तर प्रॉप नुसता मोकळा झालेला असतो. लाटेवरून उडी मारताना प्रॉप हवेत जाऊन जी किंकाळी येते, तिचा लीनशी संबंध नाही.

टॅकोमीटर पाण्यावर चालत नाही म्हणून जीपीएसवरून अंदाज: 56 किमी/तास म्हणजे सेकंदाला 15.6 मीटर. प्रॉपची घसरण 15 टक्के धरली तर कागदावर 18.3 मीटर, भागिले 0.0868, सेकंदाला 211 फेरे. साडेबारा हजारांच्या आसपास. सायलेन्सरवर चालणाऱ्या या इंजिनाला हे बरं आहे.

एच 1:32 ला ठेवली.

1 फेब्रुवारी, रविवार

सुई पटते का ते प्लगवर पाहिलं. लांब सरळ रेष पूर्ण रेसने, शेवटी बटणाने ठिणगी तोडून बोट तशीच वाहू दिली, होडीने आणली. स्लोवर चालवत आणलेल्या इंजिनाचा प्लग फक्त एलची हकिगत सांगतो.

चिनी मातीच्या टोकाचा रंग छोट्या धावेत फारसा उठत नाही. बघायचं ते आत, माती जिथे धातूच्या कवचात शिरते तिथलं कडं. पेन्सिल-टॉर्चने पाहिलं: बारीक, फिकट तपकिरी, सगळीकडून सारखं. कडं नसतं तर लीन, रुंद आणि काजळीचं असतं तर रिच.

त्याहून उपयोगी पिस्टनचा माथा. प्लगच्या भोकातून टॉर्च टाकली की ट्रान्सफर पोर्टसमोरचा (ताजं मिश्रण आत येतं त्या छिद्रांसमोरचा) भाग धुतल्यासारखा चकचकीत दिसतो आणि बाकीचा तपकिरी. 18 जानेवारीला हा धुतलेला भाग जवळपास माथ्याच्या निम्मा होता. आज दोन्ही बाजूंना नखाएवढे डाग. ते पूर्ण नाहीसे झाले आणि माथा राखाडी कोरडा पडला तर एच उघडायची. चकचकीत करड्या रंगाचे बारीक ठिपके, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम, दिसले तर इंजिन उघडायचं.

8 फेब्रुवारी, रविवार

दुपारी 31 अंशाला धाव. सकाळच्या मानाने वेग 56 वरून 54, वळणातून बाहेर येताना गुरगुर जास्त. हवा गरम म्हणजे पातळ, मिश्रण आपोआप रिच. दुपारी बंद केलेली एच पुढच्या थंड सकाळी लीन निघते, म्हणून एच 1:32 वरच आणि दुपारचे ताशी दोन किलोमीटर सोडून दिले. समुद्रकिनारी, अलिबाग-मुरुडकडे बोट नेली तर उलटा हिशोब: 600 मीटर खाली उतरलं की हवेचा दाब साधारण सात टक्के वाढतो. तिथे एच पाच मिनिटं उघडूनच पहिली धाव.

आजची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची. टाकी दोन तृतीयांश संपली की इंजिन लीन. भरली की ठीक. संपत आली की पुन्हा तेच. सुईचा दोष टाकीतली पातळी बघून येत नाही. झाकण सैल करताच 'फुस्स' करून हवा आत गेली, म्हणजे टाकीत निर्वात. व्हेंटच्या नळीत बसवलेला बारीक फिल्टर तेलाने भिजून बुजत होता. फिल्टर काढला, नळी उंच वळसा देऊन डेकवर मागच्या बाजूला तोंड करून काढली, म्हणजे फवारा आत शिरत नाही. शेवटच्या थेंबापर्यंत 54 स्थिर.

एल आज 1:15 वर आणली. बसलेलं इंजिन 1:20 ला स्लोवर पाऊण मिनिट उभं राहिलं की भरून येत होतं आणि रेस देताना आधी धूर ओकत होतं. 1:15 ला साफ. बाकावरचं शिखर पुन्हा शोधलं: अजूनही 1:05 च्या आसपास. स्लोचे फेरे मात्र त्याच स्क्रूवर दोनशेने चढलेले, तो तेवढा उतरवला.

15 फेब्रुवारी, रविवार

प्रॉप एक्स467. व्यास 67, फेऱ्याला 93.8 मिमी, आधीच्यापेक्षा आठ टक्के जास्त. प्रॉप वाढला की भार आणि उष्णता वाढते, फेरे उतरतात, म्हणून पहिली टाकी एच 1:37 ला. 57. दुसरी 1:32 ला, 60, हेड 68, वळणातली गुरगुर जागेवर. तिसऱ्या टाकीत तेच.

प्लेनवर यायला थोडा जास्त वेळ. स्ट्रट एक मिलिमीटर वर घेतला, पहिल्यासारखं झालं.

सध्याची स्थिती: एल 1:15, एच 1:32, 25:1, 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिश्रण दोन आठवड्यांच्या आतलं. नवीन कॅन उघडला की मापनपात्राची चाचणी आणि पहिली धाव एच 1:37 ला. ट्यून्ड पाइप (फेऱ्यांशी लांबी जुळवलेला एक्झॉस्ट) लावल्यावर पाइपची लांबी आणि एच या दोन्ही गोष्टी एका दिवशी बदलायच्या नाहीत. सुरुवातीला पाइप मॅन्युअलमधल्या सर्वांत लांब मापावर, एच 1:40.